तीन पुड्यांचा जर्मन दिवा: फायबरग्लासच्या शेडचं काय करू?

रुरकाठची

मंडळी, घरात एक दिवा आलाय आणि त्याच्यापायी आठवडाभर माझं कशात लक्ष नाही. सल्ला हवा.

आम्ही डॉर्टमुंडला राहतो. वरच्या मजल्यावरच्या आजी (वय ८९) गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात राहायला गेल्या. घर रिकामं करायला माणसं आली होती, जिन्यातून कपाटं उतरत होती. तेवढ्यात आजींनी स्वतः येऊन माझ्या दारावरची बेल वाजवली. म्हणाल्या, "माझी ट्यूटनलांपे तू घेऊन जा. ती कचऱ्याच्या गाडीत चढताना मला बघवायचं नाही." मी हो म्हणाले. काय घेतेय ते खरं तर मला ठाऊकच नव्हतं.

ट्यूट म्हणजे शंकूच्या आकाराची कागदी पुडी. इथे पहिलीत जाणाऱ्या पोरांना शाळेच्या पहिल्या दिवशी खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेली, पोराच्या कमरेइतकी उंच पुडी देतात, तीही ट्यूटच. माझ्या लेकीची अजून कपाटावर पडून आहे. मला मात्र दिवा बघून मिरज स्टेशनाबाहेरचा शेंगदाणेवाला आठवला. त्याच्या तीन पुड्या कुणीतरी एका काठीला टांगल्या असाव्यात, तसं हे प्रकरण दिसतं.

खाली काळी, जड, गोल बैठक. त्यातून पितळी दिसणारा दांडा माझ्या खांद्यापर्यंत येतो. वरून तीन वाकवता येणाऱ्या माना फुटतात (शॉवरच्या नळीसारख्या) आणि प्रत्येकीच्या टोकाला एक पुडी. एक मळकट पिवळी, एक विटकरी, एक शेवाळी हिरवी. कडांना बारीक सोनेरी प्लॅस्टिकची दोरी. शेड फायबरग्लासच्या आहेत, असं आजी म्हणाल्या. दांड्यावर ओढायची साखळी आहे. एकदा ओढली की एक बल्ब, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा तिन्ही, चौथ्यांदा अंधार. आजींच्या घरात मी हे स्वतः पाहिलंय. आता दुसऱ्या ओढीलाच अंधार होतो.

अडचणी अशा. पिवळी पुडी इतकी कळकट झालीय की बाकीच्या दोघींशेजारी आजारी वाटते. नवरा म्हणतो स्प्रेने रंगवून टाकू. त्याला मी डबा उघडू दिलेला नाही. विटकरीला जोडाच्या बाजूने बोटभर चीर गेलीय. हिरवी हाताला तेलकट लागते आणि तिचा घेर वाकडा झालाय. वायर कापडाचं वेष्टण असलेली, वाळक्या दोडक्याच्या शिरेसारखी कडक. आणि पुढच्या वर्षी आम्ही कायमचे परत जातोय, तर हा दिवा मिरजेत चालेल का?

कंपनीचं नाव कुठेही नाही. बल्बच्या होल्डरवर त्रिकोणात काहीतरी कोरलंय आणि स्विचवर 'डीबीजीएम' अशी अक्षरं आहेत. नेटवर असेच दिवे ४० युरोलाही दिसतात आणि ६०० लाही. विकायचा नाहीये, पण हातात काय आहे ते कळलं तर बरं.

निमूट

आयकिया. ३० युरो. झोप शांत लागते.

भंगारप्रेमी

निमूटराव, तुमच्या घरी एकदा जेवायला यायचंय, सगळं कसं सपाट खोक्यातून निघालेलं असेल.

रुरकाठची, मी श्टुटगार्टला असतो आणि दर रविवारी जुन्या बाजारात वेळ घालवतो. माझ्याकडे असे चार दिवे आहेत. बायकोच्या मते पाच, कारण तळघरातला तीही मोजते.

आधी काळ ठरवू. डीबीजीएम म्हणजे पश्चिम जर्मनीत नोंदवलेलं 'गेब्राउख्समुस्टर', एक प्रकारचं छोटं पेटंट. युद्धाआधीच्या वस्तूंवर 'डीआरजीएम' असायचं, त्यातला आर राइशचा, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्याचा. बी म्हणजे बुंड, संघराज्य. म्हणजे तुमचा स्विच १९४९ नंतरचा. तीन रंगांच्या पुड्या, पितळी मान आणि शेजारी मूत्रपिंडाच्या आकाराचं बुटकं टेबल ही पन्नाशीच्या दशकातल्या जर्मन बैठकीच्या खोलीची ठरलेली मांडणी. त्रिकोणातलं चिन्ह व्हीडीईचं असणार. ती विद्युतसुरक्षेची खूण आहे, कंपनीचं नाव नाही. ते चिन्ह दाखवून 'ब्रँडेड' म्हणून विकणारे महाभाग मी पाहिलेत.

नावाचा नाद सोडा. या धाटणीचे दिवे कितीतरी छोट्यामोठ्या कारखान्यांनी काढले आणि बहुतेकांवर शिक्का नाही. विकणारे मग मनाला येईल ते नाव चिकटवतात. किंमत वाढवायची असली की 'कायझर' या जर्मन दिवे-कंपनीचं नाव लिहायचं, अजून वाढवायची असली की मिलानच्या 'स्टिलनोवो' कंपनीचं. ६०० चं रहस्य बरंचसं इथे आहे.

गंमत म्हणजे तुम्ही दिव्यांच्या माहेरघराच्या दारात राहता. डॉर्टमुंडहून विंटरबेर्गकडे जाणाऱ्या गाडीत बसा, तासाच्या आत नेहाइम-ह्यूस्टेन येतं. १९७५ पासून ते आर्न्सबेर्गमध्ये धरतात. कायझर तिथलीच, १८९५ ची. बाउहाउस या जर्मनीतल्या गाजलेल्या डिझाइन-शाळेच्या धातुकाम कार्यशाळेत कारागिरांवर देखरेख करणाऱ्या क्रिस्टियान डेलने नंतर तिच्यासाठी 'इडेल' मालिकेचे टेबललॅम्प केले. कोझाक, हिलेब्रांड हेही त्याच गावचे. १७ मे १९४३ ला मध्यरात्रीनंतर ब्रिटिश विमानांनी म्योने धरण फोडलं, तेव्हा पाण्याची भिंत याच नेहाइमवर आली. शेकडो माणसं गेली. त्यात सक्तीच्या कामाला आणून छावणीत कोंडलेल्या पूर्व युरोपातल्या बायका फार होत्या. त्यानंतर दहाएक वर्षांत त्या गावातून रंगीत दिवे बाहेर पडत होते. मी तिथल्या पुलावर उभा राहिलो होतो तेव्हा नदी ओढ्याएवढी दिसत होती, विश्वासच बसेना.

असो. तुमच्या शेडकडे वळू. तिन्ही फायबरग्लासच्या आहेत, हे गृहीत धरू नका. एकेक काढून खिडकीच्या उजेडात धरा. फायबरग्लास असेल तर आत धागे दिसतील, आडवेतिडवे, शेवयांचा चुरा सांडल्यासारखे. धागे नसतील तर तो दुसरा काहीतरी प्लॅस्टिकचा पत्रा. मग वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा आला तर सेल्युलोज ॲसिटेट. कापरासारखा आला तर सेल्युलॉइड, आणि मग त्यात बल्ब लावायचा विचारही नको, कापरासारखंच पेटतं ते. काडी लावून बघायचे सल्ले नेटवर मिळतील. ते देणाऱ्यांच्या घराला विमा असावा.

'तेलकट आणि वाकडी' हे वाचून मला हिरवीचा संशय येतोय.

दांड्याला चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. चिंच-मीठ लावून घासलंत तर आठवडाभरात आतला करडा रंग बघत बसाल. मी पहिला दिवा असाच घालवला.

फेज_न्यूट्रल

ताई नमस्कार. वीज मंडळातून निवृत्त, मुक्काम सातारा. शेडचं मला कळत नाही, पण तुमच्या वायरचं वर्णन वाचून राहवलं नाही. तो दिवा आत्ता प्लगमधून काढा. काढलाय का? मग पुढे वाचा.

मुलाकडे म्युनिकला तीन महिने राहिलो होतो. करमेना. तेव्हा त्याच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या मंडळींचे दिवे दुरुस्त करून दिले. सातआठ झाल्यावर मुलाला कळलं. म्हणाला, बाबा, इथे असं चालत नाही. पण तोवर मला तिकडच्या जुन्या दिव्यांचे पोटातले रोग कळले होते.

पहिला रोग वाकणारी मान. तिच्यातून जाणाऱ्या तारेचं जुनं रबर कडक होऊन फुटतं आणि मान वाकवली की उघडी तांब्याची तार आतून धातूला टेकते. वरून काही दिसत नाही. दिवा लागतोही. हात लावला की कळतं. तुमच्या दिव्याला नुसत्या दोन तारा असतील, म्हणजे अर्थिंग नाही, म्हणजे फ्यूज उडणार नाही, तुम्हीच उडाल.

दुसरा रोग त्यांचा प्लग. आपली तीन पिनांची टॉप एकाच बाजूने बसते, फेज कुठे ते ठरलेलं. त्यांचा प्लग उलटा-सुलटा कसाही बसतो. त्यामुळे आट्याच्या होल्डरमधला बाहेरचा धातूचा आटा कधी न्यूट्रलवर तर कधी फेजवर. जुन्या होल्डरमध्ये बल्ब फिरवताना बोट त्या आट्याला लागू शकतं. साखळी ओढून बंद केलाय, तेवढ्यावर बल्ब बदलायचा नाही. प्लग काढायचा.

तिसरी गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. एका दिव्यात तीन तारा निघाल्या, त्यात एक लाल. आपला हात लगेच म्हणतो, लाल म्हणजे फेज. जर्मनीत साधारण १९६५ पर्यंत लाल तार अर्थिंगची असायची! काळी फेज, करडी न्यूट्रल, लाल अर्थ. मी मल्टिमीटर लावला म्हणून वाचलो. जुन्या जर्मन दिव्यात रंगावर विश्वास ठेवायचा नाही, तार कुठून कुठे जाते ते मीटर लावून बघायचं.

तेव्हा पूर्ण वायर बदला. बाहेरची तीन कोरची, ०.७५ चौरस मिमी, तिची अर्थ दांड्याला स्क्रूने पक्की. तिन्ही मानांतून नवीन, उष्णता सोसणारी तार. मानांचा धातू दांड्याशी जोडलेला आहे ना, तेही मीटरवर बघायचं. कापडी वेष्टणाचीच हवी असेल तर तीन कोरची कापडी वायर तुमच्याकडे मीटरवर मिळते. जुनी तार ओढून काढण्याआधी तिच्या शेपटाला मजबूत दोरा बांधा, नाहीतर नवीन तार त्या मानेत सरकवताना देव आठवतील. शेवटी मेगरने ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासायला हवं. मेगर घरात नसतोच, म्हणून ते काम तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पैसे घेईल, घेऊ दे.

दुसऱ्या ओढीला अंधार होतो म्हणजे स्विचमधला एक संपर्क काजळलाय किंवा त्या तारेचा तुकडा पडलाय. स्विच उघडायच्या आधी फोटो काढा. आत स्प्रिंग असते, ती कोचाखाली जाते.

मिरजेचं म्हणाल तर काही अडचण नाही. तेव्हा तिकडे २२० व्होल्ट होते, आता दोन्हीकडे २३०, फ्रिक्वेन्सीही दोन्हीकडे ५०. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त टॉप बदला. त्यांची पिन आपल्या सॉकेटमध्ये ढिली बसते आणि ठिणग्या मारते. आणि होल्डर आट्याचेच राहू द्या. आपल्याकडे पिनचे बल्ब जास्त चालतात, पण आट्याचे एलईडी आता कुठेही मिळतात.

रुरकाठची

काका, प्लग काढलाच होता, तरी तुमचं वाचून पुन्हा जाऊन बघितलं.

शनिवारी तिन्ही शेड काढल्या. भंगारप्रेमी, तुमचा संशय बरोबर. पिवळी आणि विटकरी खिडकीशी धरल्या तर आत धागेच धागे. लेक म्हणाली, आई, यात कुणीतरी केस कापलेत. हिरवी मात्र कोरी. धागा एकही नाही. आणि तिच्यात नाक घातलं तर लोणच्याची बरणी उघडल्यासारखं झालं. चुंबक दांड्याला टपकन चिकटला.

मग धाडस केलं. हिरवी बाजूला ठेवली आणि त्या दोघींना बाथटबमध्ये कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून ठेवलं. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन आतून फिरवायला लागले. दोन मिनिटांत पाणी चहासारखं झालं. मग काढ्यासारखं. आणि बाथरूमभर सिगारेटचा वास! आजींचे यजमान जाऊन अठरा वर्षं झाली, मी त्यांना पाहिलेलंही नाही. त्यांचा धूर माझ्या टबात.

तीन पाणी बदलली. पिवळी पुडी पिवळी नाहीच. ती पांढरी आहे, सायीसारखी. आणि विटकरी आहे ती टोमॅटोसारखी लाल निघाली. नवरा बाथरूमच्या दारात स्प्रेचा डबा घेऊन उभा होता. काही न बोलता ठेवून आला.

पांढरीच्या वरच्या टोकाशी, बल्बच्या जागी, एक तपकिरी डाग मात्र ढिम्म हलत नाही. थिनर लावू का? आणि लालची चीर पाण्यात जरा वाढली असं वाटतंय. धस्स झालंय.

भंगारप्रेमी

थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिशचं पाणी, काहीही नको! धागे काचेचे आहेत, त्यांना काही होत नाही, पण त्यांना धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं आणि रंग उतरतो. तो डाग मळाचा नाहीच. ६० वॅटचा बल्ब लावत असणार, त्याच्या उष्णतेने रेझिन भाजलंय. ऊन आणि उष्णता या दोन्हींनी रेझिन पिवळं पडतं, ते आतून पडतं, धुऊन जात नाही. पुडी फिरवून डाग भिंतीकडे करा. आणि इथून पुढे ४ वॅटचा एलईडी, २७०० केल्विनचा. त्याहून पांढरा प्रकाश घातलात तर दवाखाना होईल.

हिरवीचं दुखणं वेगळं आहे. ॲसिटेट आतून कुजतं. त्याला लवचीक ठेवणारा पदार्थ बाहेर पाझरतो, म्हणून तेलकट लागतं. मग ते आकसतं, म्हणून वाकडं. तो आंबट वास ॲसिटिक ॲसिडचा, आणि त्याने जवळचा धातूही खराब होतो. यावर उपाय नाही. कपाटात बंद करून ठेवू नका, वेग वाढतो. माझा अंदाज, ती मूळची नाही, मागाहून बदललेली आहे. कडेच्या दोरीचे टाके बाकीच्या दोघींसारखेच आहेत का, बघा.

होडीवाला_मिरकरवाडा

आमच्याकडे रत्नागिरीत फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा धंदा आहे, वडिलांपासून. हा धागा बायकोने दाखवला. म्हणाली, बघा, तुमच्या मटेरियलचे दिवे करतात लोक.

ताई, चीर पाण्याने वाढलेली नाही. आधीच तेवढी होती, मळ भरला होता म्हणून दिसत नव्हती. होडीतही असंच होतं. घासून धुतली की मालक म्हणतो, तुम्हीच फोडली.

आता नीट ऐका, कारण होडीचा कारागीर तुम्हाला चुकीचं शिकवेल. मीही आधी तेच सांगणार होतो. आम्ही काय करतो, तर चिरेच्या आजूबाजूला ग्राइंडरने घासतो, मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चटईचा) तुकडा टाकतो, हार्डनर घातलेलं रेझिन ब्रशने मुरवतो, वर अजून एक थर. होडी त्याने पहिल्यापेक्षा मजबूत होते. पण होडीच्या आत कुणी दिवा लावून बघत नाही! तुमच्या शेडला असं ठिगळ लावलंत तर दिवसा झकास दिसेल आणि रात्री दिवा लावला की तिथे काळा नकाशा. जाड झालं की उजेड अडतो, एवढंच.

म्हणून मॅट नको, घासणं तर अजिबात नको. पातळ, पाण्यासारखी पारदर्शक इपॉक्सी घ्या. दोन्ही भाग डब्यावर लिहिलं असेल त्या प्रमाणात नीट मिसळा, टाचणीच्या टोकावर घेऊन चिरेत सोडा, आतल्या बाजूने. ती आपली आपण ओढून घेते. बाहेरून गुळगुळीत सेलोटेप लावून ठेवा म्हणजे ओघळणार नाही. कपड्याचे दोन चिमटे लावा, पण टोकाला, चिरेवर नाही. एक दिवस हात लावू नका. रेषा केसाएवढी दिसेल. ती दिसू दे.

ताकद हवीच असेल तर चिरेवर मागू नका, कडेवर मागा. ती सोनेरी दोरी नुसत्या शोभेची नाही. कापलेल्या कडेला धागे सुटतात आणि चीर तिथूनच सुरू होते. जिथे दोरी तुटली असेल तिथे चीर असणार, बघा. दोरी नवीन ओवा.

आणि हातमोजे! पातळ असलं तरी काच ती काच. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलंत तर दोन दिवस खाजवत बसाल, आणि कूस डोळ्याला दिसत नाही. लागलीच तर चोळायचं नाही, गरम पाणी घ्यायचं नाही. थंड पाण्याची धार धरायची आणि चिकटपट्टी लावून ओढायची. त्या दिवशीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. आमच्याकडे या एका चुकीवरून सासू-सुनेचं वाजलं होतं.

रुरकाठची

दादा, दोरी तुटलेली आहे, आणि बरोब्बर चिरेच्या तोंडाशी! इथे बसून तुम्हाला कसं दिसलं? लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, हे काका शेरलॉक आहेत.

टाकेही बघितले. लाल-पांढरीचे तिरके आहेत, हिरवीचे सरळ. म्हणजे हिरवी मागाहून आलेलीच.

पण माझा जीव अडकलाय. कुजत असली तरी आजींच्या घरात ती इतकी वर्षं होती. आंबट वास सोसून तशीच लावू का? की नवीन करून घेऊ? तशी शेड विकत मिळते का?

भंगारप्रेमी

जुना सुटा शंकू योगायोगाने मिळाला तरच. माप आणि रंग दोन्ही जुळणं म्हणजे पत्रिका जुळण्यासारखं. पण घरी करणं अवघड नाही, कारण मूळचेही असेच केलेले आहेत. साच्यातून काढलेले नाहीत, सपाट पत्रा कापून गुंडाळलेले आहेत, म्हणून तर मागे जोड आहे. लॅम्पशेडसाठी अर्धपारदर्शक, उष्णता सोसणारी शीट मिळते. एलईडी लावणार असाल तर उष्णतेची फार चिंता नाही.

पांढरीची मापं द्या, आकार काढून देतो.

रुरकाठची

खालचं तोंड १८ सेंमी, वरचं ६, तिरकी उंची २२.

भंगारप्रेमी

सातवीतली भूमिती. शंकू उलगडला की पंख्यासारखा आकार होतो. मोठी त्रिज्या म्हणजे २२ गुणिले १८ भागिले (१८ वजा ६), म्हणजे ३३ सेंमी. लहान त्रिज्या ३३ वजा २२, म्हणजे ११. कोन म्हणजे ३६० गुणिले ९ भागिले ३३, साधारण ९८ अंश. जोडासाठी एका बाजूला एक सेंमी जास्त ठेवा. आधी जुन्या वर्तमानपत्राची करून मानेवर चढवून बघा.

फेज_न्यूट्रल

वर्तमानपत्राची चढवून बघा, पण बल्ब न लावता. कुणीतरी सांगायला हवं म्हणून सांगितलं.

रुरकाठची

शेवटचा अहवाल. उशीर झाला, कारण इलेक्ट्रिशियनची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

तारा मी आणि नवऱ्याने ओढल्या (काका, दोरा बांधला होता, तरी दुसऱ्या मानेत देव आठवलेच). जुनी तार बाहेर आली तेव्हा रबराचे तुकडे मोहरीसारखे टेबलावर सांडले. एका मानेत हातभर लांबीची तार पूर्ण उघडी होती. ती हिरवीची मान. आजी रोज त्याखाली बसून विणकाम करायच्या. स्विचमधली स्प्रिंग कोचाखाली गेली होती, मिळाली. इलेक्ट्रिशियनने तपासून पास केलं आणि जाताना विचारलं, अर्थिंग इतकी व्यवस्थित कुणी जोडली? मी म्हणाले, साताऱ्याच्या एका काकांनी.

लालची चीर टाचणीने भरली. रेषा दिसते.

मग रविवारी फोनवर फोटो घेऊन आजींना भेटायला गेले. पांढरी बघून त्या दोन मिनिटं गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, "ही पांढरी होती, हे मी विसरले होते." १९५७ च्या नाताळात घेतला होता दिवा, लग्नानंतरचा दुसरा नाताळ.

मी मोठ्या मायेने सांगितलं की हिरवी कुजतेय, पण मी ती जपून ठेवणार आहे. आजी चक्क हसायला लागल्या. म्हणाल्या, "ती हिरवी? टाकून दे! मुलगा सहा वर्षांचा होता, त्याने चेंडूने मूळची फोडली. नवरा दुकानातून ही उचलून आला. मी म्हटलं, रंग जुळत नाही. तो म्हणाला, रात्री कोण बघतं. दोन दिवस आम्ही बोललो नव्हतो. तेव्हापासून ती मला आवडत नाही."

मूळची कोणत्या रंगाची होती, विचारलं. क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, "टाउबेनब्लाउ." टाउबे म्हणजे कबूतर. कबुतराचा निळा. मी घरी येईपर्यंत ट्रामभर विचार करत होते की मराठीत याला काय म्हणावं, आणि उतरताना लक्षात आलं, पारवा! आईच्या पेटीत त्या रंगाचं लुगडं आहे.

तर आता तिसरी मान रिकामी आहे. तिथला बल्ब काढून ठेवलाय, त्यामुळे तिसऱ्या ओढीला नुसतं खट्ट वाजतं. लाल, पिवळी, हिरवी, दुधी, सगळ्या शीट मिळतायत, पारवा मिळत नाही. जर्मनीत किंवा मुंबई-पुण्यात कुणाला अर्धपारदर्शक शीट त्या रंगात दिसली तर कळवा. त्रिज्या ३३ आणि ११, कोन ९८ अंश, जोडाला एक सेंमी जास्त.